बंपरला पत्रा किती एमएमचा घ्यायचा?

मित्राच्या जुन्या जिप्सीला पुढचा बंपर घरीच बनवायचं ठरल्यापासून भेटेल तो एकच विचारतोय, किती एमएम? आणि उत्तर ऐकायच्या आधीच स्वतः सांगून मोकळा होतो, "सहा टाक, टेन्शनच नाही." भोसरीतल्या फॅब्रिकेशनवाल्या मामांनी पण आधी हेच सांगितलं, कारण त्यांच्याकडे सहाचे तुकडे पडलेले होते, आता बोला.

माझं म्हणणं सरळ आहे. बंपरचा चेहरा, म्हणजे जो पत्रा बाहेरून दिसतो, तो जिप्सीसारख्या हलक्या गाडीला ३ किंवा फार तर ४ एमएमच्या एचआर शीटचा (हॉट रोल्ड, म्हणजे गरम लाटलेला साधा पत्रा) पुरे होतो, आणि जाडी घालायचीच असेल तर ती चॅसीला जोडणाऱ्या ब्रॅकेटमध्ये घाला. लोक बरोबर उलटं करतात, समोर सहाचा पत्रा आणि मागे दोन अँगलचे तुकडे ठोकलेले.

आधी वजन बघू. लोखंडाचा पत्रा १ एमएम जाड आणि १ चौरस मीटर असेल तर ७.८५ किलो भरतो, हा एक आकडा पाठ केला की दुकानात कोणी फसवत नाही. जिप्सीच्या पुढच्या बंपरला घड्या, वरखालचे फ्लॅंज (आत वळवलेल्या कडा), दोन्ही कडांचे कोपरे धरून साधारण १ चौरस मीटर पत्रा जातो. म्हणजे ३ एमएमला साडेतेवीस किलो, ४ ला साडेएकतीस, ५ ला एकोणचाळीस आणि सहाला सत्तेचाळीस, हे नुसत्या पत्र्याचं, ब्रॅकेट, शॅकलचे कान (गाडी ओढायची कडी अडकवायला भोक असलेले जाड तुकडे), विंच म्हणजे गाडी ओढून काढायचं दोराचं यंत्र बसवणार असाल तर त्याचा ट्रे हे सगळं वेगळं. आणि हे वजन एक्सलच्या पुढे लटकतंय हे विसरू नका. जिप्सीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर, २३७५ एमएम आहे, बंपर एक्सलच्या ६० सेंटीमीटर पुढे धरला तर ४० किलोच्या बंपरने पुढच्या एक्सलवर ५० किलो वाढतात आणि मागचे १० किलो कमी होतात. जिप्सीला पुढे पण स्प्रिंग म्हणून पाटेच आहेत, ते बसणार, मग गाडी नाक खाली घालून चालते आणि मग परत पाट्यांचा खर्च.

आता मजबुती. सपाट पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, त्यामुळे तीनचा चार केला की वजन तिसऱ्या हिश्शानेच वाढतं पण ताठपणा जवळपास २.४ पट होतो, आणि सहाचा तर तीनच्या आठपट. हे ऐकून सहावाले खुश होतात पण थांबा, हा हिशोब सपाट पत्र्याचा आहे. बंपर कोण सपाट बनवतं? शेडवरचा नालीदार पत्रा बघा, जाडी एक एमएमसुद्धा नसते तरी माणूस वर चढून चालतो, सगळी ताकद नाल्यांमध्ये. तसंच मधे एक आडवी घडी मारली, वरखाली चाळीस पन्नास एमएमचे फ्लॅंज आत वळवले आणि मागून दोन तीन उभ्या पट्ट्या वेल्ड केल्या की तीनचा पत्रा सपाट पाचच्या पत्र्याला हार जात नाही. दगडावर कोपरा घासला तर पोचा पडेल, हे मान्य, मग पडू दे की, तो ठोकून सरळ होतो. ज्यांना ताम्हिणीच्या बाजूला खडकातच घालायची आहे गाडी त्यांनी चार घ्या, मी पण चारवरच आलो शेवटी.

घड्यांसाठी बेंडिंग मशीनवर नेणं सगळ्यात बरं, भोसरी एमआयडीसीत लेझर कटिंग आणि बेंडिंग एकाच गल्लीत होऊन जातं. मशीन नको असेल तर घडीच्या रेषेवर ग्राइंडरने अर्ध्या जाडीपर्यंत खाच मारायची, वाकवायचं आणि खाच वेल्डने भरायची, पण मग ती भरणी नीट खोलवर गेली पाहिजे. आणि तीनच्या खाली जाऊ नका, साध्या आर्क मशीनवर दोनच्या पत्र्याला भोकं पडायला लागतात आणि शिकाऊ हात असेल तर तुमचा बंपर चाळणी होतो. लांब वेल्ड एका दमात मारायचा नाही, तुकड्यातुकड्यात आणि बाजू बदलून मारायचा, नाहीतर पत्रा केळ्यासारखा वाकतो.

खरी जाडी लागते ती मागे. ब्रॅकेट ८ एमएम, कमीत कमी सहा, आणि बोल्ट ८.८ ग्रेडचेच (हा मजबुतीचा आकडा), डोक्यावर आकडा कोरलेला असतो तो बघून घ्या. चॅसी बॉक्स सेक्शनची असेल तर आरपार बोल्ट कसला की बॉक्स चेपतो, त्यामुळे आत पाइपचं स्लीव्ह, म्हणजे बोल्टभोवती बसणारा पाइपचा तुकडा, घालायचं, हे कोणी सांगत नाही. शॅकलचे कान १६ ते २० एमएमचे, आणि ते बंपरच्या पत्र्यावर नुसते चिकटवायचे नाहीत, पत्र्याला स्लॉट पाडून आरपार न्यायचे आणि मागे ब्रॅकेटला दोन्ही बाजूंनी वेल्ड करायचे. चिखलात रुतलेल्या गाडीला झटका देऊन ओढताना तो कान उखडला तर तो गोळीसारखा येतो, तिथे काटकसर नको राव.

एअरबॅगवाल्या नवीन गाड्यांना मात्र हे सगळं लागू करू नका. कंपनीचा पुढचा भाग धडक बसल्यावर चेपायलाच बनवलेला असतो आणि सेन्सर त्या हिशोबाने लावलेले असतात, लोखंडी बंपर मधे आला की सगळं गणित बदलतं. शिवाय २०१७ च्या डिसेंबरमध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने असे क्रॅश गार्ड, बुल बार लावणाऱ्यांवर कारवाई करा म्हणून राज्यांना कळवलं होतं, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्याला आधार. पादचाऱ्याला लागलं तर नेहमीच्या बंपरपेक्षा जास्त लागतं, हे कारण आहे आणि ते खोटं नाही. आमची जिप्सी ट्रॅकवर जाते, शहरात जुना बंपर परत लावायचा, म्हणून सगळं बोल्टवर ठेवलंय, चॅसीला एकही वेल्ड नाही.

रंगाआधी खालच्या घडीत दोन तीन भोकं पाडा, मुळशीचा पाऊस आणि लाल चिखल आत साठतो. मग इपॉक्सी प्रायमर, वरून काळा मॅट. पावडर कोटिंग दिसतं छान पण दगडाने टवका उडाला की खालून गंज पसरतो आणि घरी टचअप करता येत नाही, म्हणून मी साधा रंगच घेतला.