रूळ काढलेल्या रेल्वेमार्गावरून समुद्राकडे

आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्याकडे वॉटरफर्ड शहरापासून डंगार्व्हन या बंदराच्या गावापर्यंत ४६ किलोमीटरचा एक मार्ग आहे आणि त्यावरून केवळ पायी किंवा सायकलनेच जाता येते. मूळची ही जागा रेल्वेची. १८७८ साली सुरू झालेल्या या मार्गावरच्या प्रवासी गाड्या १९६७ मध्ये बंद झाल्या, डंगार्व्हनजवळच्या मॅग्नेसाइटच्या कारखान्यासाठी मालगाड्या मात्र १९८२ पर्यंत ये-जा करत राहिल्या, आणि २०१७ च्या मार्चमध्ये, म्हणजे शेवटच्या प्रवासी गाडीनंतर पन्नास वर्षांनी, त्याच भरावावर हा मार्ग लोकांसाठी खुला झाला. आमची लेक तिकडे नोकरीला असल्यामुळे तो पाहण्याचा योग आला.

माझ्या यजमानांची सारी नोकरी भुसावळ विभागात गार्ड म्हणून झाली, त्यामुळे देखावे पाहण्याआधी त्यांचे लक्ष चढ-उताराकडे गेले. इगतपुरी आणि कसाऱ्यामधल्या थळ घाटात ३७ फुटांना एक फूट असा चढ आहे आणि तिथे गाडीला मागून जोर द्यायला बँकर इंजिने लावावी लागतात. तसली कसरत टाळण्यासाठीच इंजिनिअर डोंगर कापतात, दरीवर पूल बांधतात आणि सखल जागी मातीचा भराव घालतात. वॉटरफर्डच्या या मार्गावर तीन उंच पूल, एक बोगदा आणि कितीतरी कटिंग, म्हणजे डोंगर कापून काढलेल्या वाटा, आहेत त्या याच कारणाने, आणि साठी ओलांडलेल्या माणसालाही इथे सायकल चालवताना धाप लागत नाही त्याचे कारणही तेच. लेकीने मध्येच विचारले, “बाबा, आता आपण चढतोय का?” त्यावर हे म्हणाले, “अगं, रेल्वेचा चढ डोळ्यांना दिसत नाही, तो इंजिनाला कळतो.”

किल्मेडन येथे जुन्या भरावाच्याच एका बाजूला पर्यटकांसाठी छोटी नॅरोगेज गाडी चालते. तिच्या रुळांमधले अंतर तीन फूट. आपली जळगाव जिल्ह्यातली पाचोरा–जामनेर गाडी, म्हणजे सगळ्यांची ‘पीजे’, अडीच फुटांची होती, आणि शेंदुर्णी-पहूरच्या लोकांच्या कित्येक पिढ्या तिने बाजाराला, शाळेला आणि लग्नाला नेल्या. ती कोरोनाच्या काळात थांबली. तिच्या जागीही असाच सायकलमार्ग का होऊ नये, असे परतल्यावर एका नातलगाने सुचवले. मला ते मुळीच पटले नाही. शेंदुर्णीहून पाचोऱ्याला येऊन मेन लाईनची गाडी पकडणाऱ्या माणसाला ब्रॉडगेजची गाडी हवी आहे, सहल नको.

किल्मॅकथॉमस गावातला कमानीपूल देखणा आहे. गावाजवळ बटाट्याच्या दुष्काळाच्या काळातले दगडी वर्कहाउस, म्हणजे निराधार गरिबांना कामाच्या बदल्यात ठेवण्याची इमारतही आहे, पण तिथे आम्ही फार थांबलो नाही. खरा मार्ग सुरू होतो तो ड्युरोच्या पुढे. दोन्ही बाजूंची कटिंग उंच होत जाते, दगडांवर नेचे आणि शेवाळ दाट होते, हवा एकदम गार लागते आणि समोर बॅलिव्हॉइलचा सुमारे ४०० मीटर लांबीचा बोगदा येतो. आत दिवे आहेत, तरी वरून पाणी ठिबकत असते आणि सायकलची घंटी वाजवली की तिचा आवाज बराच वेळ घुमतो. ह्यांनी भिंतीवरून हात फिरवून विटांचे काम पाहिले आणि मनापासून दाद दिली. बोगद्यानंतर लगेच बॅलिव्हॉइलचा पूल लागतो. आयर्लंडच्या यादवी युद्धात १९२२ साली तो उडवून दिला होता आणि १९२४ मध्ये पुन्हा उभा केला. त्यावर उभे राहून खाली पाहताना एवढी माहिती असली तर नजर वेगळी होते. त्यापुढे डावीकडे अचानक समुद्र उघडतो, खाली क्लोनीची वाळू दिसते, आणि मागे वळले तर कोमेरा डोंगरांची रांग उभी असते. तापीकाठच्या माणसाला क्षितिजावर सातपुडा पाहायची सवय असते. डोंगर पाठीशी आणि पाणी समोर ही मांडणी आम्हाला नवी होती.

म्हणूनच वॉटरफर्डहून डंगार्व्हनकडे जावे, उलट जाऊ नये असे मी म्हणेन. तिथला वारा बहुधा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणजे या दिशेने तो तोंडावर येणार, हे खरे; पण उलट निघाल्यास समुद्र आरंभीच संपतो आणि उरलेला रस्ता शेते आणि झाडी यांतच जातो. बॅटरीच्या सायकली भाड्याने मिळतात, आणि डंगार्व्हनला सायकली परत करून दुकानाच्या गाडीने वॉटरफर्डला येण्याची सोयही आहे. ज्यांना एवढे अंतर नको त्यांनी ड्युरोपासून क्लोनीपर्यंत पायी जावे. आम्ही तेवढा भाग दुसऱ्यांदा चाललो, कारण सायकलवरून ह्यांना बोगद्याच्या तोंडाचे दगडकाम नीट पाहता आले नव्हते.