तुझी पाच मिनिटं की घड्याळाची?

अकरा वाजून गेलेत. झोप येत नाही म्हणून लिहायला बसलेय.

संध्याकाळी धाकटी ठोकळ्यांचा डबा घेऊन आली. "आई, ये ना खेळायला." लॅपटॉपवरून मान न उचलता मी म्हटलं, "पाच मिनिटं हं, आलेच." ती हलली नाही. विचारलं, "तुझी पाच मिनिटं की घड्याळाची?"

आवाजात राग नव्हता, रुसवाही नव्हता. चार वर्षांच्या पोरीला टोमणे कुठले जमायला! तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

घड्याळ तिला कळत नाही अजून. तिच्या 'काल'मध्ये गेला आठवडा येतो, मागच्या वर्षीचा वाढदिवससुद्धा येतो. पण माझी पाच मिनिटं वेगळी असतात, हे तिला कळतं. मीच शिकवलंय, रोज थोडं थोडं.

आणि माझ्या पाच मिनिटांचं काय? डबे, कपडे, ऑफिस, मोठ्याचा अभ्यास. मला कोण विचारतं, की तू... जाऊ दे.

मागे रॉचेस्टर विद्यापीठातल्या एका प्रयोगाबद्दल वाचलं होतं, २०१३ साली प्रसिद्ध झालेला. तीन ते पाच वर्षांची २८ मुलं. चित्रासाठी आणखी छान रंग आणतो, असं त्यांना सांगितलं. निम्म्यांना ते मिळाले, निम्म्यांपुढे सांगणारं माणूस रिकाम्या हातानं परत आलं. मग प्रत्येकापुढे एक गोड वडी ठेवली, न खाता थांबलं तर दुसरी मिळणार. शब्द पाळला गेलेली मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, बाकीची ३ मिनिटं. वाचताना मला त्यातली मुलंच दिसली होती. मोठ्यालाही असा धीर हवा, वगैरे. आज ते रिकाम्या हातानं परत आलेलं माणूस दिसतंय.

काम खोटं नव्हतं. आजच द्यायचं होतं. म्हणून मग खरं तेच सांगितलं, "माझी गं. लांबतात माझी."

"मग मी पूल करते," ती म्हणाली. "तोपण लांब असतो."

मी उठले तेव्हा पूल सोफ्यापासून दारापर्यंत गेला होता. "ही बाजू तुझी," म्हणत तिनं उरलेले ठोकळे माझ्याकडे सरकवले. इतका वेळ का लागला, विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.