थंडी, डिझेल गाडी आणि मिस्त्रीकाकांचा मीटर

निफाडच्या थंडीत पहाटे पारा 5-6 अंशांवर आला की डिझेल गाड्या अडून बसतात. आमचीही तशीच. सेल्फ जोरात फिरायचा, पण इंजिन पकडायचं नाही. बऱ्याच वेळाने धरलं की मागून पांढरा धूर. जो तो म्हणे, बॅटरी बदला.

आज मिस्त्रीकाका घरी आले. आधी मीटर लावला: गाडी बंद असताना 12.5 व्होल्ट, सेल्फ मारताना आकडा 10च्या वरच. "बॅटरी चांगली आहे ताई, उगाच पैसे घालू नका." मग हीटर प्लग तपासले. चारपैकी दोन गेलेले!

डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. गार इंजिन ती उष्णता खाऊन टाकतं, म्हणून आधी प्लग तापावे लागतात. डॅशबोर्डवरची पिवळी गुंडाळीची खूण विझेपर्यंत थांबायचं ते त्यासाठीच.

नवे प्लग बसले, बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा-हिरवट क्षारही काकांनी घासून काढला. आधी मोजून मग बोलणारा असा कारागीर मिळणं हे आमचं भाग्यच. उद्या पहाटे द्राक्षबागेत जायचंय, गाडीनेच!