आधी तळ

आमच्याकडे फिशटँक आला तो रिकामाच. दोन फूट लांब, फूटभर रुंद. पहिल्या दिवशी घरात सगळ्यांनी विचारलं, "मासे कधी?" दुसऱ्या आठवड्यातही विचारलं. सहाव्या आठवड्यात विचारणंच बंद झालं आणि मुलीने त्यात तिच्या बाहुल्या निजवल्या. मी तळ ठरवत होतो.

टँकमधलं बाकी सगळं बदलता येतं. दिवा बदलता येतो, झाडं उपटता येतात, मासेसुद्धा एखाद्या मित्राच्या गळ्यात घालता येतात. तळ मात्र एकदा घातला की घातला. बदलायचा म्हणजे मासे बादलीत, झाडं परातीत आणि चिखल बाथरूमभर. राहत्या घरात ज्याने लादी बदलून घेतली आहे, त्याला वेगळं सांगायला नको.

दुकानदाराने आधी निळे खडे दाखवले. गणपतीच्या आराशीतून उरल्यासारखे. मला ते बघवत नाहीत हे सोडा, पण झाडांनाही ते सोसत नाहीत. मोठ्या खड्यांच्या फटीत माशांचं खाणं जाऊन कुजतं आणि मुळांना धरायला काही मिळत नाही. अगदी बारीक वाळूचं उलट. ती थापून घट्ट बसते, खाली हवा पोचत नाही आणि एक दिवस तळातून सडक्या अंड्याचा वास येतो. खडा हवा एक ते तीन मिलिमीटरचा, म्हणजे साधारण बाजरीएवढा.

रत्नागिरीहून येताना मी किनाऱ्यावरची पिशवीभर वाळू आणली. फुकट, आणि वर गावची. घरी तिच्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाकले तर सोड्यासारखी फसफसली. वाळू कसली, शिंपल्यांचा चुरा! असला चुरा पाण्यात हळूहळू विरघळत राहतो, पाणी जड होतं, सामू चढतो आणि पुष्कळ झाडांना ते मानवत नाही. पिशवी अजून बाल्कनीत आहे. टाकवत नाही.

शेवटी मी माती विकत आणली. भाजलेल्या मातीचे राईएवढे काळे गोळे, नऊ लिटरची पिशवी. असल्या मातीवर पाण्यातली बाग रचायची पद्धत जगभर नेण्यात ताकाशी अमानो (१९५४–२०१५) या जपानी छायाचित्रकाराचा मोठा हात. तरुणपणी हा गृहस्थ व्यावसायिक सायकलपटू होता. आईला यातलं काही सांगून उपयोग नव्हता. "माती? विकत? दारात जांभ्याचे चिरे पडलेत ते काय वाईट होते?"

आई सहज बोलली, पण मुद्द्याचं बोलली. जांभ्यात लोह भरपूर. पाण्यात नुसतं टाकलेलं लोह लवकरच साका होऊन बसतं, झाडाला ते मुळाशी मिळालेलं बरं. म्हणून युरोपातले हौशी लोक एकेकाळी खडीखाली जांभ्याची माती मुद्दाम घालत. जांभ्याला 'लॅटराइट' हे नाव केरळात फिरून गेलेल्या फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश डॉक्टरने १८०७ मध्ये छापलेल्या पुस्तकात दिलं, लॅटिनमधल्या विटेवरून. खाणीत मऊ असताना कापायचा आणि मग उघड्यावर टणक होऊ द्यायचा, हे त्याने केरळात पाहिलं होतं. आमच्या गावच्या गडग्यात तेच चिरे आहेत. मग काय, पुढच्या खेपेला मूठभर भुगा आणला आणि सगळ्यात खाली पसरला.

मधे एक घोळ झाला. पुढच्या पट्ट्यासाठी नदीची थोडी वाळू घेतली होती. ती तांदूळ धुतात तशी, पाणी निवळेपर्यंत धुवायची असते. माझी नऊ पाण्यांनी निवळली. त्याच भरात मी दोन ओंजळी मातीचे गोळेही चोळून धुतले. हातात शाडू उरली. ही माती धुवायची नसते, असं पिशवीवर चित्रासकट छापलेलं होतं.

तळ सपाट ठेवला तर ताटात पसरलेल्या भातासारखा दिसतो. पुढे दोन बोटं आणि मागे पाच बोटं असा उतार दिला की फूटभर टँकसुद्धा खोल वाटतो, शिवाय मोठ्या मुळांची झाडं मागे नीट बसतात. मात्र एवढ्या उताराला नऊ लिटर पुरेना. मग कांद्याच्या जाळीच्या पिशवीत बांधकामावरची काळी खडी (व्हिनेगरला न जुमानणारी) भरून मागच्या कोपऱ्यात पुरली आणि तिच्यावर माती ओढली. उतार पुढे घसरू नये म्हणून मध्ये दोन दगड रोवले. ते दगड तीन संध्याकाळी इकडचे तिकडे झाले, यावर मी जास्त बोलणार नाही.

पाणी भरताना मातीवर बशी ठेवली आणि तांब्याने बशीत ओतत गेलो. पाणी काठावरून घरंगळत होतं आणि गोळ्यांच्या फटींतून बारीक बुडबुडे एकामागून एक वर चढत होते. चिमट्याने क्रिप्टोकोराईन या पाणवनस्पतीची रोपं लावली. आठवड्यात त्यांची सगळी पानं विरघळून गेली. मुळं शाबूत असली तर नवी फुटतात. मी काही उकरून बघितलं नाही.

मासे अजून नाहीत. नवी माती सुरुवातीला अमोनिया सोडते, चारेक आठवडे थांबायला हवं. हे घरात सांगितलं तेव्हा कोणी काही बोललं नाही. फक्त रोपांच्या मुळांतून एक गोगलगाय न बोलावता आली आहे, करंगळीच्या नखाएवढी. संध्याकाळी दिवा लावला की सगळे तिलाच बघायला टँकसमोर उभे राहतात. मुलीने तिचं नाव ठेवलं आहे: मासा.