नॅपडेलचे बीव्हर: जून-जुलैत जाणार असाल तर आधी हे वाचा

"संध्याकाळी पाचला तळ्यावर पोचा, वाट सपाट आहे, अर्ध्या तासात बीव्हर दिसतो." ग्लासगोतल्या आमच्या मराठी ग्रुपवर कुणीतरी छातीठोकपणे हे टाकलं होतं. यातलं एकही खरं नाही. बीव्हर म्हणजे पाण्यात राहणारा, झाडं कुरतडणारा प्राणी; तो तिन्हीसांजेला बाहेर पडतो आणि रात्रभर कामात असतो. जूनच्या अखेरीस इथे, म्हणजे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या नॅपडेलच्या जंगलात, सूर्य मावळतो दहा वाजून गेल्यावर. पाचला जाऊन तुम्ही फार तर डबा संपवाल.

ग्लासगोहून लॉखगिलपहेडला बस जाते, प्रवास सुंदर आहे, झोपू नका. खरी कटकट तिथून पुढे. बार्नलुअस्गनचं पार्किंग, म्हणजे जिथून वाटा सुरू होतात ती जागा, गावापासून जेमतेम बारा किलोमीटर. टॅक्सीवाल्याशी पंचवीस पौंड ठरले होते. रात्री परत न्यायला आला तेव्हा 'उशीर' आणि 'थांबणं' धरून पन्नास मागितले. थांबलो होतो आम्ही, तो नव्हे! पण अंधार, फोनला रेंज नाही, वाद घालणार कुणाशी? मुकाट्याने दिले. तुम्ही सायकल न्या. १८०१ साली सुरू झालेल्या क्रिनन कालव्याच्या काठाने बेलानॉख गावापर्यंत सपाट रस्ता आहे, तिथून थोडा चढ. त्याच दिवशी ग्लासगोला परतायचा बेत असेल तर बीव्हर विसरा, मुक्काम लॉखगिलपहेडलाच करा.

आता ती वाट. लॉख कॉइल-बारचा (लॉख म्हणजे तळं) फेरा सुमारे पाच किलोमीटरचा. किलमोरी ऑइबची ओसाड घरं वाटेत लागतात, छान आहेत. पण झाडीतून पाण्याकडे उतरणारा एक पट्टा आहे, तिथे माझं डोकं फिरलं. खाली चिखल, ओली मुळं, कमरेपर्यंत नेचे आणि वर चिलटं. इथे त्यांना मिज म्हणतात. आपल्या डासांशी तुलनाच नको, डास निदान एकेक येतो. वारा पडला, हवा दमट झाली, उजेड कमी झाला की ही ढगाने उठतात, म्हणजे नेमकी बीव्हरच्या वेळेला. कानात, पापण्यांवर, मनगटाच्या घड्याळाखाली. बीव्हर बघायचा तर हलायचं नाही, आणि न हलणारा माणूस म्हणजे त्यांची पंगत. डोक्यावरून घ्यायची बारीक जाळी नसेल तर जाऊच नका. क्रीमवर विसंबू नका. वारा जरा जरी वाहता असला तरी ती उडत नाहीत, म्हणून हवामानात पावसाआधी वारा बघा. हे मला बसमध्ये बसण्याआधी कुणी सांगितलं असतं तर!

पावणेअकराच्या सुमारास पाण्यावर एक रेघ उमटली. शेजारचा म्हणाला, पाणमांजर. पण पाणमांजर पोहताना बुड्या मारतं, पाठ आणि शेपूट वर काढतं. हे आपलं डोकं तेवढं वर ठेवून संथ चाललं होतं. मग ते काठावर चढलं आणि आम्ही गप्प झालो. उंदराच्या जातीचा प्राणी म्हणून मनात जे माप असतं ते सोडून द्या. धड जवळपास मीटरभर, वर चपटी खवल्यांची शेपटी. पूर्ण वाढलेला युरोपीय बीव्हर तीस किलोपर्यंत जातो, म्हणजे घरचा भरलेला गॅस सिलिंडर. कृंतकांमध्ये, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांमध्ये, याच्याहून मोठा फक्त दक्षिण अमेरिकेतला कॅपिबारा. त्याने बर्चची फांदी दोन्ही हातांत धरून भुट्टा फिरवावा तशी फिरवली आणि साल सोलून खाल्ली. दात नारिंगी दिसले, लोहामुळे. कुणीतरी हललं, शेपटी पाण्यावर फाडकन आपटली, खेळ खलास.

मासे तो खात नाही, हे गळ टाकून बसणाऱ्या काकांना कितीही सांगा. बीव्हरच्या जाती दोनच, युरोपीय आणि उत्तर अमेरिकी. इथला युरोपीय. स्कॉटलंडमधून तो शिकारीमुळे काही शतकांपूर्वी संपला होता. कातडं, मांस आणि शेपटीजवळच्या ग्रंथींतला सुगंधी स्राव, सगळ्यालाच गिऱ्हाईक. २००९ मध्ये नॉर्वेहून आणून काही कुटुंबं इथे सोडली, आणि २०१९ पासून स्कॉटलंडमध्ये त्याला कायद्याचं संरक्षण आहे.

दिवसा जायचंच असेल तर डू लॉखला जा. माझ्या मते प्राण्यापेक्षा त्याची ही कामगिरी बघणं जास्त पैसावसूल. मोठ्या तळ्यांत पाणी मुळातच खोल, तिथे त्याला फांद्यांचं धरण बांधून पाणी अडवायची गरज नाही. घराचं दार पाण्याखाली राहिलं की त्याचं काम झालं. या छोट्या तळ्यात मात्र त्याने बांध घातला, पाणी पसरलं, जुनी वाट बुडाली आणि झाडं उभ्या उभ्या वाळली. काठावरचे बुंधे पेन्सिलीसारखे टोकदार कुरतडलेले. जवळ बसून बघा: दातांच्या जोडखुणा पटाशीने मारल्यासारख्या, आणि खाली पडलेले कपचे अंगठ्याएवढे रुंद. कपचे पांढरट असतील तर काम ताजं, करडे असतील तर जुनं. ताजे दिसले तर संध्याकाळी तिथेच ठाण मांडा.

जायचं तर मेच्या पहिल्या आठवड्यात. चिलटं सुरू झालेली नसतात, नेचे वाढलेले नसतात, सूर्य नऊच्या सुमारास मावळतो. सप्टेंबरची अखेरही चालेल, तेव्हा तो हिवाळ्याचा साठा करण्यात गुंतलेला असतो. जुलै-ऑगस्टमध्ये पिल्लं दिसतात म्हणून लोक भरीला घालतील, ऐकू नका. दुर्बीण मोठ्या भिंगाची घ्या, मोबाइलच्या कॅमेऱ्यात काळा ठिपका येतो. आणि परतल्यावर गुडघ्यामागे गोचीड बघा, मला तिसऱ्या दिवशी सापडली.