नालाचा फोनू

बाईंनी चादरीची गाठ सोडली आणि आधी दिसला तो पितळी कर्णा. लखलखीत, नवा. असे कर्णे मी पुष्कळ पाहिलेत. जुन्या बाजारात ग्रामोफोन म्हणून जे बनावट विकलं जातं त्यावर हेच बसवलेले असतात. माझं मन खट्टू झालं.

"दादा, एडिसनचा आहे. आमचे आजोबा मुंबईच्या गोदीत होते, तेव्हाचा," बाई म्हणाल्या. वाईकडच्या निवृत्त शिक्षिका. नातवाच्या हवाली करण्याआधी हे यंत्र नेमकं काय आहे, हे त्यांना कागदावर लिहून हवं होतं. वीसेक वर्षांपूर्वी एका दुकानात दुरुस्तीला दिलं होतं, एडिसनचं आहे हेही तिथेच कळलं, असं त्यांनी सांगितलं.

पुण्यात माझ्याकडे दुरुस्तीला येतात ते बहुतेक तबकडीचे ग्रामोफोन. सिलिंडरचा फोनोग्राफ, म्हणजे मेणाच्या पोकळ नळीवर कोरलेलं गाणं वाजवणारा, वर्षा-दोन वर्षांत एखादा. कर्ण्याकडे पाठ करून मी खाली पाहिलं. लाकडी खोकं, त्यावर एडिसनच्या नावाची पट्टी आणि पट्टीला चार स्टार स्क्रू. तिथेच निम्मं उत्तर मिळालं. फुलीच्या खाचेचा स्क्रू बाजारात आला तो १९३० नंतरच्या दशकात. एडिसनच्या कंपनीने सिलिंडर बनवणं १९२९ सालीच थांबवलं होतं. शिवाय तिच्या अस्सल पट्टीवर अनुक्रमांक असतो, पेटंटच्या तारखांची रांग असते. इथे नुसतं नाव.

पण पट्टी खोटी म्हणून यंत्र खोटं ठरत नाही. सिलिंडर चढवायचा दांडा मी बोटाने फिरवला. एका टोकाला किंचित निमुळता, माझ्याकडचं दोन मिनिटं वाजणारं सिलिंडर त्यावर बरोबर बसेल एवढा. वर्षानुवर्षं सिलिंडर घालून-काढून तो गुळगुळीत झाला होता. तशी झीज कोणी मुद्दाम करू शकत नाही.

मग मी आडवा स्क्रू शोधला. एडिसनच्या यंत्रात इंचाला शंभर आटे असलेला एक लांब स्क्रू असतो. दोन मिनिटांच्या सिलिंडरवरच्या खाचाही इंचाला शंभरच. सिलिंडर फिरतं तसा हा स्क्रू साऊंडबॉक्सला, म्हणजे सुई आणि थरथरणारा पडदा असलेल्या डबीला, बाजूला सरकवत नेतो. इथे तो स्क्रू नव्हताच, आणि काढून टाकल्याची खूणही नव्हती. कर्णा आणि साऊंडबॉक्स मिळून एक, आणि ते एका दुबेळक्यावर तोललेलं. म्हणजे मेणातल्या खाचेनेच सगळ्याला ओढत न्यायचं. हा स्वस्तातला, साधा उपाय युरोपातल्या कारखान्यांनी वापरला, सगळ्यात जास्त जर्मनीतल्या.

तो पितळी कर्णा पाहून पोटात का तुटलं, ते आता सांगतो. असल्या यंत्राचा मूळ कर्णा हलक्या पत्र्याचा आणि लहान असतो, कारण त्याचा भार सुईवाटे थेट मेणावर येतो. या जड कर्ण्यासकट कोणी एखादं सिलिंडर लावलं असतं, तर एका फेरीत गाणं नांगरून निघालं असतं. दुरुस्तीच्या नावाखाली कोणी असं करावं, याचा मला आजही राग येतो.

बाईंना विचारून मी खोकं उघडलं. आतल्या चार बोल्टांवरची बैठक वर उचलली आणि उलटी केली. बिडाची, सोनेरी रंगाचे पापुद्रे धरून ठेवलेली, दोन बाजूंनी वळत वर येणारी. लायर नावाच्या युरोपीय तंतुवाद्याचा आकार. तो खोक्यात पार झाकून टाकला होता.

बाई खुर्चीतून उठून जवळ आल्या. "अहो, हा तर घोड्याचा नाल! आजी याला नालाचा फोनू म्हणायची. मला वाटायचं, म्हातारी काहीतरीच बोलते."

बैठकीच्या पोटात गंज होता. रॉकेलचा बोळा फिरवत गेलो, मग मऊ ब्रश. बऱ्याच वेळाने चार अक्षरं वर आली: डी, आर, जी, एम. पुढचे आकडे गंजाने खाल्लेले. हे कारखान्याचं नाव नव्हे, जर्मन साम्राज्यातल्या नोंदणीची खूण आहे. पेटंटपेक्षा लहान सुधारणांसाठी १८९१ साली तिथे हा कायदा झाला. संरक्षण तीन वर्षं, आणखी तीन वाढवून मिळत. लायर बैठकीची ही यंत्रं पहिल्या महायुद्धाआधीच्या दशकात तिथे ढिगाने बनली. विकणाऱ्याचं नाव बहुधा नसेच. म्हणून कागदावर मी कुठलंही नाव लिहिलं नाही.

"म्हणजे भारी नाही ते?" बाईंनी हळूच विचारलं.

मी म्हटलं, "बाई, महाग नव्हतं. पण गोदीतल्या माणसाच्या आवाक्यात येणारं होतं, आणि तुमच्या आजोबांनी ते खरंच घेतलं होतं."

वाजवून पाहायचं होतं. ड्रॉइंगच्या जाड कागदाचा एक सुळका वळला, डिंकाने चिकटवला आणि साऊंडबॉक्सवर बसवला. माझ्याकडचं एक झिजलेलं काळं सिलिंडर काढलं. ते बाहेरून धरायचं नसतं. दोन बोटं आत घालून, ती फाकवून उचलायचं, नाहीतर बोटांचा चिकटपणा मेणावर बसतो आणि बुरशी धरते. चावी दिली. वेग आधी घसरला, मग गव्हर्नरचा, म्हणजे वेग ताब्यात ठेवणाऱ्या भागाचा, स्क्रू पाव फेरा फिरवल्यावर मिनिटाला १६० फेऱ्यांच्या आसपास स्थिरावला. सुई टेकवली.

तळणीवर पाणी पडावं तसा चरचराट आणि त्यामागून एक बँड, खूप लांबून, गावाबाहेर वरात थांबली असावी तसा. बाईंनी कान कागदाच्या कर्ण्याशी नेला आणि दोन मिनिटं तसाच ठेवला.

स्प्रिंगला वंगण आणि काचेच्या पडद्याभोवतीचं रबर, एवढंच काम मी केलं. रंगाला हात लावला नाही. खोकं, पट्टी आणि पितळी कर्णा बाईंनी माझ्या दुकानातच ठेवले. फोनू त्या रिक्षात मांडीवर घेऊन बसल्या, कागदी कर्ण्यासकट, आणि रस्त्याला खड्डे आहेत, जपून घे, असं रिक्षावाल्याला दोनदा सांगितलं.