पोलंड: सपाट देश, पुन्हा उभारलेलं शहर

क्राकूफ सोडून रेल्वे वॉर्साकडे निघाली की खिडकीबाहेर शेतंच शेतं. सह्याद्रीत वाढलेल्याची नजर उगाच डोंगर शोधत राहते. पण पोलंडचे डोंगर सगळे दक्षिण सीमेला. तिथे तात्रा रांगेतलं रिसी हे देशातलं सर्वोच्च शिखर, २,४९९ मीटर. उत्तरेला बाल्टिक समुद्र, आणि मधल्या पसरट मैदानातून १,०४७ किलोमीटर वाहणारी व्हिस्तुला.

या देशाचा इतिहास वाचण्याआधी ही सपाटी बघावी, असं माझं मत. एका बाजूला जर्मन, दुसऱ्या बाजूला रशियन, आणि फौजा अडवायला ना घाट ना खिंड. १७७२, १७९३, १७९५ अशा तीन खेपांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने पोलंड वाटून घेतला. नंतर १२३ वर्षं, थेट १९१८ पर्यंत, स्वतंत्र पोलंड नकाशावर नव्हताच. पोलिश संगीतकार शोपँ त्याच काळातला. १८४९ मध्ये तो पॅरिसला वारला, देह तिथेच पुरला. हृदय मात्र बहिणीने लपवून वॉर्साला आणलं. ते आज होली क्रॉस चर्चच्या एका खांबात आहे.

वॉर्साचा जुना भाग पाहून तो मध्ययुगीनच वाटतो. १ ऑगस्ट १९४४ ला नाझींविरुद्ध उठाव झाला, ६३ दिवस चालला आणि मोडला. मग जर्मन सैन्याने उरलंसुरलं शहर पद्धतशीर जाळलं, सुरुंग लावून पाडलं. युद्धानंतर लोकांनी ते परत उभं केलं. संदर्भाला होती बेलोत्तो या इटालियन चित्रकाराने अठराव्या शतकात रंगवलेली वॉर्साची दृश्यं. १९८० मध्ये युनेस्कोने हा भाग जागतिक वारसा यादीत घेतला. ‘नक्कल आहे’ म्हणून नाक मुरडणारे पर्यटक असतात. मला तर त्या भिंती अस्सल जुन्या भिंतींपेक्षा जास्त बघण्यासारख्या वाटल्या.

जेवायला ‘बार म्लेच्नी’ गाठा. साम्यवादी काळातल्या या स्वस्त खानावळी अजून चालतात. बटाटा आणि ताजं चीज भरलेले पिएरोगी म्हणजे उकडलेली करंजी, वर परतलेला कांदा. झुरेक सूप शाकाहाऱ्यांनी विचारूनच घ्यावं. त्यात बहुधा सॉसेज असतं.

आपल्या लोकांनी वॉर्सातल्या मॉन्टे कॅसिनो लढाईच्या स्मारकाजवळची कोल्हापूरची स्मृतिखूण चुकवू नये. सोव्हिएत राजवटीने सैबेरियात हद्दपार केलेली पोलिश माणसं १९४१ नंतर सुटली आणि इराणमार्गे बाहेर पडली. त्यांच्यातले पुरुष जनरल आंदर्सच्या सैन्यातून इटलीत मॉन्टे कॅसिनोला लढले. बायका-मुलं-म्हातारी मिळून सुमारे पाच हजार जण १९४३ ते १९४८ दरम्यान कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत राहिले. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. ही दोन स्मारकं शेजारी का, ते यावरून कळतं.